गाऱ्हाण्याची फाईल

गणपती तोंडावर आलेले, घराघरांतून मखरांची ठोकाठोक चाललेली, आणि भोईवाड्यातल्या आपल्या चाळीच्या गॅलरीत रामदास घाडी कोपऱ्याकडे तोंड करून उभा. हातात साबणाच्या वडीएवढा गाणी वाजवायचा प्लेयर. तो बटण दाबायचा, पडदा उजळायचा, मधोमध एक गोल टिकली गरगर फिरायची आणि मग इंग्रजीत दोन शब्द उमटायचे: फॉरमॅट एरर. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. एरर म्हणजे चूक, एवढं रामदासला कळत होतं. चूक कोणाची, ते मात्र काही केल्या कळेना.

रामदासने उभी हयात कोर्टात शिपाई म्हणून काढली होती. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्याचं मुख्य काम. आवाज असा खणखणीत की फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही कळायचं, आता कोणाचा नंबर लागला. त्या नोकरीत त्याने फॉरमॅट हा शब्द रोज ऐकला होता. समास सोडलेला नाही, तिकीट लावलेलं नाही, अर्ज विहित नमुन्यात नाही, तर दुरुस्त करून आणा. आता त्याच्या मनाने असं घेतलं की दादाचं गाऱ्हाणंही कशात तरी कमी पडलं म्हणून परत आलंय. पण देवापुढच्या गाऱ्हाण्याला कसला आलाय नमुना?

मालवणी घरात गणपती बसला, पूजा झाली, की घरातला वडीलधारा हात जोडून उभा राहतो. बा देवा म्हाराजा, अशी हाक घालून घराची सगळी हकीकत देवाच्या कानावर घालतो. चुकलं माकलं कबूल करतो, मागायचं ते मागतो. प्रत्येक वाक्याला मागे उभी असलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून आपली सही ठोकतात. हे गाऱ्हाणं. घाड्यांच्या खोलीत ते रामदासचा थोरला भाऊ बुधाजी घालायचा, आणि असं घालायचा की शेजारच्या चार खोल्या आपापली भजी तळणं थांबवून गॅलरीत गोळा व्हायच्या. रामदास मागे उभा राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. त्याला तेवढंच यायचं, आणि तेवढ्यात तो सुखी होता.

यंदा उन्हाळ्यात बुधाजीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याच्या खालच्या अंगाला एक भोक होतं. त्यातून श्वास यायचा-जायचा, आणि त्यावर राधाबाई, म्हणजे बुधाजीची बायको, रोज धुतलेला पांढरा रुमाल बांधायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं म्हणे. इस्पितळातल्या बाईंनी ते दाखवलंही. बुधाजीने ते हाताने बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून तो खाणाखुणा करायचा, फार चिडला तर मांडीवर थाप मारायचा.

मखराचे पुठ्ठे काढता काढता राधाबाई सहज म्हणाली होती, “भावजी, यंदा गाऱ्हाणा तुमीच घालूचा लागतला.”

रामदासने हातातला पुठ्ठा खाली ठेवला. “मी? वयनी, माका खय येता?”

“मग कोण घालतला? आमी काय बाहेरसून मानूस आणूचो?”

हजारो माणसांची नावं पुकारलेला हा गडी, पण स्वतःचं एक वाक्य चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. नाव पुकारणं वेगळं. ते कागदावर असतं आणि आपलं नसतं. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे सगळ्या घराच्या वतीने देवासमोर उभं राहायचं, तेही दादा तिथेच भिंतीला टेकून, मुका, बघत बसलेला असताना. रामदासला रात्री झोप लागेना. पुकारा झाल्यावर पिंजऱ्याकडे निघालेले आरोपी त्याला आठवू लागले.

आणि अशात त्याला आठवलं की गेल्या गणपतीत त्याने दादाचं गाऱ्हाणं आपल्या बटणाच्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. दादाच मागे लागायचा, “मेल्या, शिकान घी, मी काय जलमाक पुरतलंय?” म्हणून रामदासने ते भरून घेतलं, आणि नंतर एकदाही ऐकलं नाही. पुढे तो मोबाईल कपडे भिजवलेल्या बादलीत पडून गेला. पण त्यातलं नखाएवढं मेमरी कार्ड रामदासने वाळवून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं होतं. नव्या मोबाईलला कार्डाची जागाच नव्हती. जागा होती ती या प्लेयरला. निवृत्तीच्या दिवशी कोर्टातल्या मंडळींनी शाल-नारळाबरोबर तो दिला होता, आणि रामदास त्याच्यावर सकाळी भजनं ऐकायचा.

बेत साधा होता. प्लेयर मखराच्या मागे ठेवायचा, पूजा झाली की बटण दाबायचं. दादाचा आवाज येईल, मागचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतील. देवालाही ओळखीचा आवाज आणि आपलीही सुटका. दादाला किती बरं वाटेल! हा शेवटचा विचार रामदासला इतका आवडला की सुटकेचा विचार त्याने त्याच्याखाली झाकून टाकला.

आणि आता हे फॉरमॅट एरर.

प्लेयरचा खोका त्याने जपून ठेवला होता. त्यावर बारीक अक्षरांत, कोणते प्रकार चालतात ते लिहिलेलं: एमपीथ्री, डब्ल्यूएमए, डब्ल्यूएव्ही. रामदासने ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि खोका घेऊन तो शेजारच्या धनेशकडे गेला. धनेश विमा कंपनीत होता, आणि चाळीत कोणाचंही काहीही बंद पडलं की त्याला ते दुरुस्त करता येतं, अशी निदान त्याची तरी खात्री होती.

“सिंपल आहे काका,” धनेशने कार्ड आपल्या लॅपटॉपला लावलं. “ही बघा तुमची फाईल. शेवटी काय लिहिलंय? एएमआर. आणि तुमचा प्लेयर खातो एमपीथ्री.”

“म्हणजे यात दादाचं गाऱ्हाणं नाही?”

“आहे ना. पण एएमआरमध्ये आहे.”

“मग एमपीथ्रीत काय असतं?”

“तेच असतं.”

रामदासने खोका उलटासुलटा करून पाहिला. दोन्हींत तेच आहे, तर मग अडलंय कुठे?

“थांबा, नाव बदलतो,” धनेश म्हणाला. त्याने एएमआर ही अक्षरं खोडली आणि तिथे एमपीथ्री टाकलं. “झालं. आता गुमान वाजेल.”

रामदासला शंका आली. नाव बदललेली माणसं त्याने कोर्टात पुष्कळ पाहिली होती. गॅझेटात छापून आणायचे, शपथपत्र करायचे, पण दारात उभा राहायचा तो माणूस तोच. तरी त्याने कार्ड परत प्लेयरमध्ये घातलं. गॅलरीत येऊन त्याने बटण दाबलं. यावेळी एरर आली नाही! पडद्यावर गाऱ्हाणं एमपीथ्री असं नाव आलं, खाली शून्य शून्य असे आकडे आले, आणि रामदासने डोळे मिटून हात जोडले. दुसऱ्या क्षणी प्लेयरने ते नाव सोडून पुढची उडी मारली आणि त्याच्यात मुळातच भरून आलेलं धांगडधिंग्याचं गाणं ठणाणा सुरू झालं. आतून राधाबाई ओरडली, “ह्या काय लायलास भावजी दिवेलागणीक?”

आता रामदासच्या डोक्याचा पार भुगा झाला. आधी ते यंत्र स्पष्ट नाही म्हणत होतं. आता हो म्हणून बगल देत होतं. बरं, धनेशचं म्हणणं असं की फाईल एमपीफोर केली तर बेस्ट, एमपीथ्रीपेक्षा लेटेस्ट आहे. रामदासने खोका पुन्हा पाहिला. थ्री चालतं असं लिहिलेलं, फोरचं नाव नाही. तिसरीच्या वर्गात चौथीचं पोर बसवलं तर मास्तर हाकलतील की ठेवून घेतील? त्याला काही सुधरेना. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला बुधाजी खुर्चीत बसून हे सगळं बघत होता. त्याने हाताने विचारलं, काय चाललंय? रामदासने प्लेयर पाठीमागे लपवला आणि मान हलवली, काही नाही.

दुसऱ्या दिवशी तो लालबागला गेला. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, मोठ्या मूर्तींच्या मंडपांभोवती माणसांची भिंत उभी होती. मसाल्यांच्या दुकानांवरून आत वळल्यावर एका बोळकांडीत हितेंद्रचं दुकान होतं. मोबाईल दुरुस्ती, मेमरी कार्ड, आणि सध्या सीझन म्हणून एलईडीच्या माळा. हितेंद्र पस्तिशीचा, तोंडात बडीशेप, बोलायला तुफान घाईचा. त्याने कार्ड लावलं आणि दोन क्षणांत तोंड वाकडं केलं.

“काका, हे नाव कोणी बदललं?”

“आमच्या शेजाऱ्यांनी.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा. नाव बदलून फाईल बदलते काय? आत माल तोच ना! प्लेयर नाव बघून उघडतो, आत भलतंच निघतं, मग पुढं पळतो. जुने बटणवाले फोन आवाज एएमआरमध्ये भरायचे. कमी जागेत जास्त मावावा म्हणून वेगळ्या पद्धतीने दाबून बसवतात. ते उलगडायचं कसं, हे तुमच्या प्लेयरला शिकवलेलंच नाही. त्याला तीनच येतात, खोक्यावर लिहिलेले.”

“म्हणजे त्याला आवाज ऐकू येतो, पण कळत नाही?”

“ऐकू पण नाही येत, काका. तुम्ही सोडा ना, मी कन्व्हर्ट करून देतो. उलगडून परत एमपीथ्रीत बसवायचं. चुटकीचं काम आहे.”

“त्यात दादाचा आवाज बदलणार नाही ना?” रामदासने काळजीने विचारलं. “नाही, म्हणजे उलगडताना मधला एखादा शब्द सांडला, तर…”

हितेंद्रने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. “दादा गेले का तुमचे?”

“नाय नाय! घरी आहेत. आवाज गेलाय.”

हितेंद्र मग घाई न करता कामाला लागला. कॉम्प्युटरवर एक हिरवी पट्टी भरत गेली. त्याने फाईल कार्डात टाकली, कार्ड प्लेयरमध्ये सारलं, आवाज वाढवला आणि बटण दाबलं.

“बा देवा म्हाराजा!”

बुधाजीच. तोच भरदार, किंचित नाकातला, शेवटच्या अक्षरावर झुलणारा आवाज. रामदासचे डोळे भरून आले, आणि त्याने काही करायच्या आत दुकानात माळा घ्यायला आलेली दोन-तीन गिऱ्हाईकं, हातातल्या माळांसकट, एका सुरात म्हणाली, “व्हय म्हाराजा!” हितेंद्रही म्हणाला. कोणीतरी हसलं. रामदासने झटकन प्लेयर बंद केला.

“अहो, वाजू द्या की, पूर्ण तपासून घ्या,” हितेंद्र म्हणाला.

“नको. पायांत चपला आहेत.” दुकानात, उभ्या उभ्या, देव समोर नसताना गाऱ्हाणं पुढे ऐकायचं, हे रामदासला पटेना. फाईल वाजते, एवढं कळलं की पुरे. घरी येताना तो इतका हलका झाला होता की वाटेत त्याने वहिनीसाठी जास्वंदीची फुलं घेतली आणि भाव करायचं विसरला.

चतुर्थीला खोली माणसांनी भरली. बुधाजीची मुलगी अनुजा नवऱ्याला घेऊन नालासोपाऱ्याहून आली होती. लग्नानंतरचा तिचा पहिला गणपती, म्हणून ती सारखी पदर सावरत होती. धनेश आला, वरच्या मजल्यावरचे आले. मूर्तीवर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, बांधलेली, तिला सुपाऱ्या, रानातली कवंडळं, काकड्या लटकलेल्या. भटजी पूजा आटपून पुढच्या घरी पळाले. आता सगळ्यांच्या नजरा रामदासकडे वळल्या. बुधाजी भिंतीला टेकून बसला होता, गळ्याला नवा रुमाल. त्याने रामदासला मानेने खूण केली: हं, कर सुरू.

रामदास मखरामागे वाकला आणि त्याने बटण दाबलं.

“बा देवा म्हाराजा!”

राधाबाईच्या हातातलं निरांजन हललं. सगळ्यांच्या माना बुधाजीकडे गेल्या. त्याचं तोंड मिटलेलं होतं आणि डोळे मोठे झाले होते. मग मागून कोणीतरी भानावर येऊन म्हणालं, “व्हय म्हाराजा,” आणि त्याच वेळी प्लेयरमधूनही गेल्या वर्षीची सगळी माणसं म्हणाली, “व्हय म्हाराजा!” रामदासचा स्वतःचाही आवाज त्यात ओळखू आला. दोन्ही वर्षांची माणसं एकदमच म्हणाली, आणि रामदासला वाटलं, जमलं, लेका, जमलं.

“ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे इली हत, तेंची सेवा गोड मानून घी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माज्या अनुजाचा लगीन कितीक दिवस रखाडला हा, ता यंदा जुळवून दी रे म्हाराजा!”

“व्हय…” म्हणता म्हणता लोक अडखळले. अनुजाच्या नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. कोणीतरी तोंडावर रुमाल धरून हसलं, अनुजाही हसली. हे रामदासच्या ध्यानातच आलं नव्हतं. आवाज दादाचा होता, पण मागणं गेल्या वर्षीचं होतं! देवाने देऊन टाकलेलं आपण त्याच्याकडे पुन्हा मागतोय.

“रामदासाच्या नोकरेचे थोडेच म्हयने उरले हत, ते बिनघोर पार पडांदे रे म्हाराजा!”

यावर पुढ्यातलं कोणीच नीट काही म्हणालं नाही. प्लेयरमधली माणसं मात्र जोरात म्हणाली. रामदासला बटण दाबायचं होतं, पण घाईत मखरामागे बटण हाताला लागेना, माटवीतली एक काकडी कपाळावर आपटली. आणि आता पुढे काय येणार, तेही त्याला आठवेना. भरून घेतल्यावर त्याने ते पुन्हा कधी ऐकलंच नव्हतं.

“आनी म्हाराजा,” बुधाजीचा आवाज थोडा हसरा झाला, “माजो घसो जरा धरलो हा. पावसाचो गारवो आसतलो. तेवढो मोकळो कर, म्हंजे फुडल्या वरसाक तुजा गाऱ्हाणा याच्यापरास मोट्या आवाजात घालतंय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गेल्या वर्षीची माणसं म्हणाली, हसत, खुशीत, अगदी भरल्या गळ्याने. त्यात सगळ्यांत मोठा आवाज रामदासचा होता.

खोलीत कोणीच काही म्हणालं नाही. राधाबाईने निरांजन खाली ठेवलं आणि पदर तोंडाशी नेला. मखरामागे वाकलेल्या रामदासला तिथेच गाडून घ्यावंसं वाटलं. दादाला बरं वाटावं म्हणून केलं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते आता त्याला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. त्याला दादाचा आवाज हवा होता, कारण त्याला स्वतःचा काढायचा नव्हता.

मग त्याच्या खांद्यावर हात पडला. बुधाजी उठून आला होता. तो रामदासच्या बाजूने वाकला, त्याचा लांब हात मखरामागे गेला, आणि पुढलं वाक्य सुरू होता होता त्याने बटण दाबलं. आवाज थांबला. बुधाजी क्षणभर ते यंत्र तळहातावर घेऊन बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने ते हलकेच पाटावर, नारळाच्या शेजारी ठेवलं, रामदासचं मनगट धरलं आणि त्याला ओढून देवासमोर उभं केलं. स्वतः मात्र भिंतीकडे परत गेला नाही. रामदास जिथे दरवर्षी उभा राहायचा, तिथे, त्याच्या उजव्या खांद्यामागे उभा राहिला आणि त्याच्या पाठीवर एक थाप मारली.

रामदासने मान वळवून दादाकडे पाहिलं. बुधाजीचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द उमगायला अडचण नव्हती.

“बा देवा म्हाराजा,” रामदास म्हणाला. आवाज चिरकला.

“व्हय म्हाराजा!”

“म्हाराजा, ही तुजी लेकरा…” तो अडला, त्याने मागे पाहिलं, बुधाजीचे ओठ पुन्हा हलले. “तुज्या पायाकडे इली हत. गेल्या वरसा मागलेला ता तू दिलंस. अनुजाचा लगीन झाला. माजी नोकरी पार पडली. तुजे उपकार, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता खोली मोकळी झाली होती. बाहेर गॅलरीत पावलं वाजली. शेजारचे येऊन उभे राहत होते.

पुढचं वाक्य रामदासने दादाच्या ओठांवर शोधलं, पण बुधाजीचे ओठ मिटलेले होते. हे वाक्य तो देणार नव्हता. रामदास देवाकडे वळला. दादाचा घसा बरा कर, असं म्हणायचं मनात होतं, पण घसा काढून टाकलेला आहे, हे त्यालाही ठाऊक होतं आणि देवालाही. समोर धडधडीत खोटं मागायचं त्याच्या जिवावर आलं. त्याला रडू येत होतं, आणि तरी तोंडातून निघालेला आवाज कोर्टातला होता, फाटकापर्यंत पोचणारा.

“म्हाराजा, आमच्या दादाचा जा गेला ता गेला. तेच्याबद्दल आमी तुज्याकडे भांडाक येणंव नाय. पन जा रवला हा, ता आता तू सांबाळ. तेका आमच्यात ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी खोली म्हणाली, गॅलरी म्हणाली, नालासोपाऱ्याचा जावईही म्हणाला.

रामदासने मागे वळून पाहिलं. आजवर गाऱ्हाणं घालणारा बुधाजी हात जोडून, मान वर करून, तोंड भरून उघडून सगळ्यांच्या बरोबरीने तेच म्हणत होता. आवाज नव्हता. फक्त त्याच्या गळ्यावरचा पांढरा रुमाल जोराने उडाला, आणि पुन्हा जागेवर बसला.